नऊ वाजून दहा मिनिटांची नोंद

"माझी सून भांडते, उलट उत्तर देते, रागावली की भांडी आपटते. पण ती खोटं बोलत नाही," असे म्हणत आलेल्या बाई खुर्चीत बसल्या आणि मगच त्यांनी धाप टाकली.

वहिनींनी चष्मा पुसून नाकावर चढवला. उभी हयात न्यायालयात उलटतपासणी घेण्यात गेल्यावर त्यांनी खाजगी तपासाचा व्यवसाय सुरू केला होता. माणूस बोलू लागला की त्या मध्ये बोलत नसत, आणि एकदा त्या बोलू लागल्या की दुसऱ्या कोणाची मध्ये बोलण्याची छाती होत नसे.

एवढ्यात भावोजी आत आले. हे वहिनींचे धाकटे दीर, निवृत्त भूमापक आणि तपासाच्या कामातले त्यांचे सोबती. यायला त्यांना दहा मिनिटे उशीर झाला होता.

"घड्याळाप्रमाणे वेळेवरच निघालो, वहिनी," ते पुटपुटले.

त्याचे असे झाले होते की भावोजींचे मनगटी घड्याळ वर्षानुवर्षे दहा मिनिटे पुढे असे, आणि वेळ पाहिली की दहा मिनिटे वजा करण्याची त्यांना सवय होती. काल घड्याळजीने ते साफ करताना बरोबर लावून दिले. वजाबाकी मात्र चालूच राहिली.

"घड्याळ दुरुस्त झालं, भावोजी. तुम्ही नाही झालात," वहिनी म्हणाल्या. "बसा. बाई, तुम्ही सांगा."

बाईंनी सांगितले ते असे. त्यांची सून एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. गेल्या आठवड्यात तिच्या वॉर्डात पुस्तकबांधणी करणारे एक गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर दाखल होते. वेदना शमवणारे औषध त्यांना पंपातून थेंब-थेंब दिले जात होते. पंपाला आकडा संगणकाकडून मिळे. दीड हा आकडा कोणीतरी वीस केला. रात्री अकराच्या सुमारास त्यांचा श्वास मंदावला, आणि धावपळ करूनही ते वाचले नाहीत.

"सून आठ वाजता कामावर गेली. ती म्हणते, गेल्या-गेल्या तिला वीस दिसला. शंका आली म्हणून साडेआठला तिनं ड्युटीवरच्या डॉक्टरांना आतल्या फोनवर विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, चालू दे. आता ते म्हणतात, असा फोन आलाच नाही. आणि संगणक म्हणतो, आकडा बदलला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे साडेआठला विचारण्यासारखं काही नव्हतंच," भावोजी म्हणाले.

"तेच तर सगळे म्हणतात," बाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "नऊ वाजता वॉर्डात ती एकटी होती. उद्या दुपारी पोलिसांत तक्रार जाणार. परवाना जाईल, तुरुंगही होईल. माझा नातू शाळेत पहिलीत आहे हो. त्याला काय सांगू मी?"

"त्या संध्याकाळी सून घरी काय करत होती?"

"नातवाच्या शाळेच्या नाटकाचा झगा शिवत होती. बाहेर अजून उजेड होता, पण घरात एकदम लाईट गेली. अख्ख्या भागातली गेली होती, दोन गल्ल्या पलीकडच्या रुग्णालयातलीसुद्धा. सुई हातातच राहिली. मी म्हटलं, ठेव ते, डोळे फोडून घेशील. तर मलाच म्हणाली, तुम्हीच शिवा मग. अशी आहे ती."

सून बाहेर पायरीवर बसली होती. तिला आत बोलावले. मजबूत बांध्याची, डोळ्यांखाली काळे झालेली. वहिनींनी तिला एकच गोष्ट विचारली.

"आकडा बदलला तर संगणक कोणाच्या नावाने नोंद करतो?"

"वॉर्डाच्या. सकाळी एकदा वॉर्डाचं नाव उघडतात, मग दिवसभर सगळे त्यावरच काम करतात. प्रत्येकानं आपलं नाव उघडायचं म्हटलं तर दर वेळी वाट बघत बसावं लागतं. तेवढा वेळ कोणाकडे असतो?"

"म्हणजे कोणी बदलला हे नाव सांगत नाही. वेळ सांगते."

"हो. आणि वेळ माझ्या विरुद्ध आहे." ती सासूकडे न बघता म्हणाली, "त्या काकांच्या बायकोलाही आता वाटतं मी खोटारडी आहे. तुरुंगापेक्षा ते जास्त लागतं."

*

रुग्णालयाच्या संचालिकाबाईंनी चौकशीला हरकत घेतली नाही. तळमजल्यावर, पंख्यांच्या घरघरीत, संगणक-प्रमुखांची खोली होती. प्रमुख नीटनेटके गृहस्थ होते. टेबलावर वायरचा एक तुकडादेखील वेडावाकडा पडलेला नव्हता.

"रुग्णालयाच्या चौकशी समितीला तुम्ही काय दिलंत?" वहिनींनी विचारले.

"सर्व्हरच्या लॉगमधली ती ओळ. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. काय झालं आणि कधी झालं, ते यंत्र आपणहून लिहून ठेवतं."

"मला एक ओळ नको. त्या संध्याकाळचं सगळं पान द्या."

त्यांनी पान छापून दिले. वहिनींनी ते मोठ्याने वाचले. "औषधाचा आकडा दीडवरून वीस, नऊ वाजून दहा. त्याखाली, मुख्य वीज बंद, बॅटरी सुरू, नऊ पंचवीस. त्याखाली, मुख्य वीज पुन्हा सुरू." त्यांनी मान वर केली. "ही वेळ यंत्रानं अशीच लिहिली?"

"नाही, यंत्रं जागतिक वेळ लिहितात. आमच्या शाखा चार देशांत आहेत. प्रत्येकानं आपापली वेळ लिहिली तर सगळा गोंधळ होईल, म्हणून तसा नियमच आहे. मायदेश साडेपाच तास पुढे, पण इथं परदेशात आपण जागतिक वेळेच्या तीनच तास पुढे. लॉग कोणाला वाचायला द्यायचा झाला की मी तीन तास मिळवून देतो. इतकी वर्षं हेच करतोय, झोपेतही करीन."

"ओळीत लिहिलेलं असतं का, ही वेळ जगाची की आपली?"

"नाही. गरजच काय? सगळी यंत्रं एकसारखीच आहेत."

"आणि औषधांच्या नोंदी ठेवणारं हे यंत्र जुनंच आहे?"

"जुनं जळालं. हे गेल्या महिन्यात आलं. पुरवठादाराचा माणूस बसवून गेला. उत्तम चाललंय." मग किंचित ओशाळून त्यांनी जोडले, "औषधाच्या आकड्याला कमाल मर्यादा घालायची तेवढी राहिली होती. पूर्वी आकडा कागदावरही लिहीत. नवीन यंत्र आल्यावर तेही बंद झालं."

"आणि पंपाच्या पोटात काही आठवण?"

"तो धुऊन दुसऱ्या पेशंटला लावला. पुसली गेली."

औषध-भांडाराचे प्रमुख वयाने मोठे आणि बोलघेवडे होते. प्रत्येक वाक्यागणिक ते कपाटाची किल्ली बोटाभोवती फिरवत.

"मी साताच्या ठोक्याला घरी जातो. नऊ वाजता काय झालं ते मला विचारू नका. सहानंतर मात्र वर वॉर्डात गेलो होतो. उरलेल्या औषधांचा मेळ रोज घालतो ना."

"वॉर्डाच्या संगणकावर?"

"माझ्या पडद्यावर. तो फक्त माझ्या अंगठ्यानं उघडतो, आणि त्यात पेशंटचे आकडे बदलता येत नाहीत. ते काम डॉक्टरांचं नाहीतर सिस्टरचं."

"टेबलापाशी कोण होतं?"

"कोणी नव्हतं. दिवसपाळीच्या सिस्टर सहापासून खाली होत्या, एका पेशंटला घेऊन एक्स-रेला. वर यायला लिफ्टमध्ये शिरल्या आणि लाईट गेली. बिचाऱ्या स्ट्रेचरसकट अडकल्या. आतून माझ्याच नावानं हाका. म्हटलं, बाई, मी औषधवाला, लिफ्टवाला नव्हे." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "त्या दिवशी कशालाच बरकत नव्हती. संध्याकाळचं ऑपरेशनही रद्द झालं, पेशंटला ताप भरला म्हणून. भुलीच्या औषधांची पेटी जशी पाठवली तशीच परत आली."

ड्युटीवरचे डॉक्टर त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत भेटले. वय कोवळे, डोळे तांबारलेले. पलंगावरची चादर मोडलेली नव्हती. त्या दिवशीही ते आदल्या सकाळपासून कामावर होते, असे त्यांनीच सांगितले.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होता, डॉक्टर?"

"साडेपाच ते सात ऑपरेशन थिएटरमध्ये. भूल दिलेला पेशंट टाकून कोणी जागचं हलतं का?"

"आणि रात्री नऊला?" भावोजींनी विचारले.

"नऊला?" डॉक्टरांनी कपाळ चोळले. "असेन खालच्या मजल्यावर. रात्री कोण घड्याळ बघत बसतं?"

"साडेआठला परिचारिकेचा फोन आला होता?"

"नाही." ते उत्तर फार चटकन आले. "आणि यायचं कारणच काय? साडेआठला आकडा दीडच होता. लॉगच सांगतो ते. जे घडलंच नव्हतं त्याबद्दल ती विचारणार काय?"

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेरच्या बाकावर भावोजींनी मनातले बोलून टाकले. "वहिनी, वाईट वाटतं, पण सून अडकली. माणूस खोटं बोलेल. यंत्राला काय पडलंय?"

"यंत्र खोटं बोलत नाही, हे मला मान्य." वहिनींनी छापील पानाची घडी घातली. "यंत्र जे बोललं तेच आपण वाचलं का, हे मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही. भावोजी, तुम्ही किती वाजता जेवता?"

"आठला. काल आठ-दहाला. का?"

"काही नाही. तुमच्यामुळे पुष्कळ कळतं."

भावोजींना ही स्तुती वाटली. घरी पोहोचेपर्यंत ती तशीच वाटत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत सगळे जमले. लांब टेबलाच्या एका टोकाला संचालिकाबाई, त्यांच्यासमोर तक्रारीचा मसुदा. बाजूला संगणक-प्रमुख, भांडार-प्रमुख आणि डॉक्टर. खिडकीशी परिचारिका आणि तिची सासू. वहिनींच्या सांगण्यावरून मृत गृहस्थांच्या पत्नीलाही बोलावले होते. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. खोलीतल्या एका व्यक्तीकडे बघायचे नाही, हे त्यांनी ठरवून टाकलेले दिसत होते.

"मला एक छोटं काम करून हवंय," वहिनी संगणक-प्रमुखांना म्हणाल्या. "औषधांच्या त्या यंत्रावर आत्ता एक नोंद करा. पेशंटची नको, नुसती चाचणीची. आणि यंत्रानं स्वतः काय वेळ लिहिली ते वाचा. काही मिळवू नका."

प्रमुखांनी लॅपटॉप उघडला. बटणे दाबली. मग पडद्याकडे बघत ते तसेच बसून राहिले.

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

"दहा वाजून चार मिनिटं."

"भिंतीवर किती वाजलेत?"

प्रमुखांनी वळून पाहिलेदेखील नाही. "दहा चार."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. न्यायालयातली सवय होती, महत्त्वाचे काही बसून बोलता येत नसे.

"इथली सगळी यंत्रं जगाची वेळ लिहितात. हे एक नवीन आलं. बसवणारा बाहेरचा माणूस, त्याला तुमचा नियम काय ठाऊक? त्यानं इथलीच वेळ लावून दिली. ओळीवर तशी खूण नव्हती. प्रमुखांनी सवयीनं तीन तास मिळवले. आमच्या भावोजींचं घड्याळ परवा बरोबर झालं, तरी ते दहा मिनिटं वजा करतातच. तशातलाच हा प्रकार. प्रमुखांच्या मनात कपट नव्हतं. फक्त नऊ वाजून दहा ही वेळ जगात कधी आलीच नाही. आकडा बदलला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी."

"चाचणी आजची," संचालिकाबाई म्हणाल्या. त्या सहजासहजी पटवून घेणाऱ्या नव्हत्या. "त्या दिवशीही यंत्र असंच लिहीत होतं, हे कशावरून?"

"विजेवरून. लॉग वाचायला एक खुंटी लागते, म्हणजे यंत्रानंही लिहिलेली आणि माणसांनीही पाहिलेली एखादी गोष्ट. या पानावर वीज गेल्याची वेळ आहे नऊ पंचवीस. पण ती गेली तेव्हा बाहेर उजेड होता, या बाईंची सून झगा शिवत होती, हे भांडार-प्रमुख अजून घरी गेले नव्हते, आणि दिवसपाळीच्या सिस्टर लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. सगळ्या भागानं पाहिलेली गोष्ट तीन तास पुढं सरकवता येत नाही. तीन तास मागं घ्या. वीज गेली सहा पंचवीसला. आणि तिच्या वरच्या ओळीत आकडा बदलला, त्याच्या पंधरा मिनिटं आधी."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. परिचारिका मात्र हलली नाही. आकडा आठच्या आधीच बदललेला होता, हे तिला पहिल्यापासून ठाऊकच होते. ती सहा वाजता तिथे नव्हती, हे तिच्याइतके पक्के दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

"म्हणजे आठ वाजता तिला वीस दिसला, हे खरं," संचालिकाबाई सावकाश म्हणाल्या. "मग बदलला कोणी?"

"आकडा डॉक्टर बदलू शकतात किंवा सिस्टर. रात्रीची सिस्टर घरी. दिवसाची सिस्टर सहापासून खाली, मग लिफ्टमध्ये. भांडार-प्रमुखांना त्यांच्या पडद्यावर आकडे बदलता येत नाहीत, आणि सहानंतर वॉर्डात होतो हे त्यांनी आपणहून सांगितलं. राहिले एक." वहिनींनी डॉक्टरांकडे पाहिले. "तुम्ही म्हणालात, साडेपाच ते सात थिएटरमध्ये होतो. पण त्या संध्याकाळचं ऑपरेशन रद्द झालं होतं. भुलीच्या औषधांची पेटी न उघडता परत आली."

"माझी आठवण चुकली असेल," डॉक्टर म्हणाले. "इतक्या ड्युट्या असतात."

"असेल. पेटीचं मी सोडूनही देते. मला खटकलं ते निराळंच. रुग्णालयात प्रत्येकाला ठाऊक होतं की आकडा रात्री नऊला बदलला. ज्यांना विचारलं त्यांनी नऊचा हिशोब दिला. हे म्हणाले, मी साताला घरी जातो, नऊचं विचारू नका. तुम्हाला मी वेळ न सांगता विचारलं, कुठं होता. तुम्ही सहाचा हिशोब दिलात. नऊचा विचारला तर तुमच्याकडे उत्तरच नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. उलट आणखी खाली आला. "सहाची वेळ कालपर्यंत या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होती, डॉक्टर. ज्यानं आकडा बदलला त्याला."

भावोजींच्या तोंडून नकळत निःश्वास बाहेर पडला. त्यांनीच तो नऊचा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर कानावर पडूनही ते त्यांना ऐकू आले नव्हते.

डॉक्टरांनी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले.

"त्यांना दुखत होतं," ते म्हणाले. "दीडचे दोन करायचे होते. दोन पॉइंट शून्य मारलं. पॉइंट उमटला नाही. मी परत वाचलं नाही. सरळ जाऊन पडलो."

"आणि साडेआठचा फोन?"

"आला होता. ती म्हणाली, वीस दिसतोय. मी अर्धवट झोपेत होतो. म्हटलं, मीच बदललाय, चालू दे." त्यांनी मान वर केली. "सकाळी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात तो कागद आला. नऊ वाजून दहा. मला वाटलं मला वेड लागलंय. मग वाटलं, असेल, तसंच असेल. यंत्र म्हणतंय ना."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तसं तुम्हाला एक क्षणही वाटलं नाही. वाटलं असतं तर तुम्ही सहाची सबब तयार ठेवली नसती. तुमच्या बोटाची चूक झाली. ती दोन दिवस न झोपलेल्या कोणाच्याही हातून होईल, आणि माणसाला इतकं जागं ठेवणाऱ्यांनीही तिची जबाबदारी घ्यायला हवी." संचालिकाबाईंनी नजर खाली घातली. "पण त्यानंतर आठवडाभर तुम्ही शुद्धीवर होतात. ही मुलगी खोटी ठरताना रोज बघत होतात."



संचालिकाबाईंनी तक्रारीचा मसुदा फाडला, डॉक्टरांना आपल्याबरोबर यायला सांगितले, आणि दाराशी पोहोचल्यावर वळून परिचारिकेसमोर हात जोडले. त्यांच्यामागून संगणक-प्रमुख उठले. "मी एकदा तपासायला हवं होतं," एवढेच ते म्हणू शकले.

"पुढच्या वेळी तपासा," परिचारिका म्हणाली. "आणि ती मर्यादा आजच घाला. मी रात्री ड्युटीवर आहे."

"आहेस का तू?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरी चल आधी. आठवडाभर नीट जेवलेली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं जेवलात?"

दोघी निघाल्या. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाई वळल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा कोरडा होता. रडणे संपून गेल्यावर चेहरा होतो तसा.

"थांब जरा," त्या परिचारिकेला म्हणाल्या. "मला त्या रात्री आठला घरी पाठवलं होतं. शेवटचे तीन तास त्यांच्याजवळ तूच होतीस. कोणाचं खरं मानायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी कोणालाच काही विचारलं नाही."

परिचारिका जागीच उभी राहिली.

"ते काही बोलले का? त्यांना दुखत होतं का शेवटी?" बाईंनी शेजारची खुर्ची हाताने ओढून घेतली. "तू सांग. तू सांगशील ते मी खरं मानीन."

परिचारिकेने सासूच्या हातातून आपला हात सोडवला आणि ती त्या खुर्चीत जाऊन बसली.

वहिनींनी भावोजींना डोळ्यांनी खूण केली. दोघे बाहेर पडले, सासूबाईही त्यांच्यामागोमाग आल्या, आणि वहिनींनी दार आवाज न करता ओढून घेतले.